पाच पुतळे, चार मीटर, एक मिनिट

यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेडला जाणाऱ्या एसटीत हा प्रसंग कुठल्याही दिवशी घडू शकतो. खिडकीशी बसलेला बारावीचा मुलगा मोबाईल आडवा धरून काहीतरी बघत असतो. शेजारचे काका बराच वेळ तिरक्या नजरेनं पाहतात आणि शेवटी विचारतातच, "काऊन बे, एवढा मोठा झाला न् अजून कार्टूनच पाहून राह्यला का?" मुलगा कसनुसं हसतो. "ॲनिमे आहे काका," एवढं म्हणतो आणि हेडफोन पुन्हा कानात खुपसतो. काका मान हलवतात. बोलणं तिथंच संपतं.

काकांच्या त्या एका प्रश्नात दडलेलं मत आता सर्वमान्य होऊन बसलं आहे. ते शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतं, पालकसभेत ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. ते असं: जपानी मांगा (चित्रकथा) आणि ॲनिमे (चलचित्रं) म्हणजे नुसती मारामारी. दोन मांत्रिक समोरासमोर येतात, ओरडतात, हातातून प्रकाशाचे लोळ सोडतात, आणि ज्याच्यात ताकद जास्त तो जिंकतो. डोक्याला काही काम नाही. शिवाय हे सगळं परकं. आपल्या गोष्टी आपली मुलं विसरली ती यामुळेच. आणि सर्वांत गंभीर आरोप म्हणजे शाप, करणी, भुतंखेतं यांचा हा उदोउदो अंधश्रद्धेला खतपाणी घालतो.

हे बोलणाऱ्यांत शिकलेली, वाचणारी, मुलांची खरी काळजी असणारी माणसं आहेत, म्हणूनच या मताचा समाचार घेणं भाग आहे. कारण यातला एकही मुद्दा गोष्ट वाचून मांडलेला नाही. लांबून चार रंगीत चित्रं पाहिली आणि निकाल दिला. कादंबरी न वाचता तिच्यावर परीक्षण लिहिणाऱ्याला मराठी वाचक उभं करणार नाही. मग इथं ती सवलत का?

ताकदीचा मुद्दा आधी. ज्या मालिकेचं नाव आज मुलांच्या तोंडी सर्वाधिक आहे तीच घेऊ. 'जुजुत्सु कायसेन' ही गेगे अकुतामी यांची मांगा मार्च २०१८ मध्ये जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये २७१ व्या प्रकरणावर संपली. पुस्तकरूपात तिचे ३० खंड आहेत. माणसांच्या भीतीतून, पश्चात्तापातून, द्वेषातून शापांचे जीव जन्माला येतात आणि मांत्रिक त्यांच्याशी लढतात, ही तिची मूळ कल्पना. शाळा, इस्पितळं अशा ठिकाणी ते जास्त निपजतात, कारण माणसांच्या मनातली भीती तिथं साठून राहते.

या कथेत गोजो सातोरू नावाचा सर्वांत बलवान मांत्रिक आहे. त्याच्या मर्जीशिवाय त्याच्या अंगाला कुणाचा हातही लागू शकत नाही. समोरासमोर लढून त्याला हरवता येणार नाही, हे शत्रूला पक्कं ठाऊक आहे. ज्याची ताकद जास्त तो जिंकतो हे खरं मानलं, तर गोष्ट इथंच संपायला हवी. संपत नाही. खरी गोष्ट इथं सुरू होते.

शत्रू आहे केंजाकू. हजार वर्षांहून अधिक काळ तो आपला मेंदू एका मृतदेहातून दुसऱ्यात हलवत जगत आला आहे. त्याच्याकडे एक लहानशी पेटी आहे. तिच्यात कुणालाही, अगदी गोजोलाही, कोंडता येतं, पण एका अटीवर. तो माणूस पेटीपासून चार मीटरच्या आत एक मिनिटभर राहिला पाहिजे. आता गोजोसारखा चपळ आणि सावध माणूस धोक्याच्या जागी मिनिटभर स्वस्थ उभा राहील कसा? शत्रूची सगळी मेहनत या एका प्रश्नाभोवती आहे.

३१ ऑक्टोबर २०१८ ची रात्र. टोकियोतलं शिबुया स्टेशन, जमिनीखाली पाच मजले खोल असलेला फलाट. शत्रूनं तिथं साधी, मंत्रविद्येशी काही संबंध नसलेली माणसं खच्चून भरली आहेत. गोजोनं आपलं मोठं अस्त्र वापरलं तर आधी ती मरतील. म्हणजे त्याची ताकदच त्याच्या पायातली बेडी झाली. तरी तो मार्ग काढतो. साध्या माणसाचं मन किती वेळ तग धरेल याचा अंदाज बांधून तो आपलं 'डोमेन', म्हणजे आपल्या विद्येचं बंदिस्त क्षेत्र, फक्त ०.२ सेकंद उघडतो. गर्दी जागच्या जागी थिजते. मग पुढच्या २९९ सेकंदांत तो शत्रूनं विद्रूप करून सोडलेले हजारभर जीव संपवतो. या प्रचंड धावपळीनंतर क्षणभर उसंत मिळते, आणि नेमकी तेव्हा पेटी त्याच्या पुढ्यात उघडते.

तरीही तो निसटला असता. पण मागून ओळखीचा आवाज येतो. वळून पाहतो तर गेतो उभा. शाळेतला जिवलग मित्र. वर्षभरापूर्वी गोजोनं स्वतःच्या हातानं ज्याला मारलं, तोच. केंजाकूनं त्याचं शरीर घेतलं आहे. क्षणार्धात गोजोच्या मनात त्या मैत्रीची तीन वर्षं सरकून जातात. आणि पेटीच्या अटीतलं मिनिट स्टेशनवरच्या घड्याळाचं नसून सावजाच्या मनातलं असतं. अट पुरी होते. सर्वांत बलवान मांत्रिक जेरबंद होतो आणि त्या शेवटच्या क्षणी कुणी त्याला साधा ठोसाही मारलेला नसतो.

यात ताकद कुठं जिंकली? जिंकलं ते माणसाला ओळखणं. शत्रूनं गोजोचा कनवाळूपणा मोजला, त्याचा वेग मोजला, त्याच्या मनातली जुनी जखम मोजली आणि तिन्हींची बेरीज एका मिनिटावर आणली. हे वाचणारा मुलगा नुसता बघत नाही. अट कळताच त्याचं डोकं चालू लागतं: चार मीटर म्हणजे किती, मिनिट कसं भरणार, गर्दी कशाला? उत्तर त्याला पुढच्या पानावर मिळतं आणि ते त्याच्या अंदाजापेक्षा सरस निघतं. चांगल्या रहस्यकथेकडून वाचकाला याहून वेगळं काय हवं असतं?

हा एखादा अपवाद असेल, असं कुणी म्हणेल. मग नानामी केंतो पाहावा. हा पूर्वी शेअर बाजाराच्या कंपनीत नोकरी करायचा, कंटाळून पुन्हा मांत्रिक झाला. समोरच्या वस्तूचे किंवा शरीराचे तो मनातल्या मनात दहा भाग पाडतो आणि सातास तीन जिथं येईल त्या रेषेवर वार करतो. बस, एवढीच त्याची विद्या. कामाची वेळ संपेपर्यंत तो स्वतःची शक्ती मुद्दाम आवरून धरतो, त्यामुळे वेळेनंतर ती वाढते. ओव्हरटाईम करणाऱ्या हरेक नोकरदाराला हा माणूस ओळखीचा वाटेल. किंवा तोदो पाहावा. टाळी वाजली की दोन जणांच्या जागांची अदलाबदल, ही त्याची युक्ती. पण प्रत्येक टाळीला अदलाबदल होतेच असं नाही, आणि शत्रूचा गोंधळ उडतो तो त्यामुळेच. पुढं त्याचा एक हात जातो. टाळी वाजवायची कशी? तो उरलेला तळवा शत्रूच्याच तळव्यावर आपटतो. काहीच घडत नाही, विद्या केव्हाच संपलेली असते. पण शत्रू सवयीनं क्षणभर अडखळतो आणि तेवढ्या फटीत तोदोचा साथीदार घाव घालतो. विद्या उरलेली नसताना फक्त तिच्या धाकावर मिळवलेला हा क्षण लिहायला लेखकाला आधी शेकडो पानं टाळ्या वाजवून घ्याव्या लागल्या आहेत.

"पण लढता लढता एवढं बोलतात काय?" हीसुद्धा नेहमीची तक्रार. तिचं उत्तर कथेतच आहे. इथं मांत्रिकानं आपली विद्या कशी चालते हे शत्रूला उघड सांगितलं, तर ती अधिक प्रखर होते. गुपित द्यायचं आणि बळ घ्यायचं, असा तो सौदा आहे. म्हणजे बोलणं हाच डाव. किती सांगायचं, काय लपवायचं, खोटं बोललं तर काय, यावर जीव अवलंबून. असे सौदे या कथेत पावलोपावली आहेत आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. फुकट काही नाही.

एक प्रसंग तर वकिलांनी आवर्जून वाचावा. हिगुरुमा हा फौजदारी वकील. खालच्या कोर्टात सुटलेल्या अशिलाला वरच्या कोर्टानं दोषी ठरवलं म्हणून कडवट झालेला. त्याच्या 'डोमेन'मध्ये शिरलं की मारहाण बंद. तिथं कोर्ट भरतं. आरोप वाचला जातो, आरोपीला गप्प राहता येतं, कबूल करता येतं किंवा नाकारता येतं. कथेचा नायक युजी खोटं बोलतो आणि हरतो, त्याची शक्ती जप्त होते. मग तो फेरसुनावणी मागतो. आता आरोप शिबुयातल्या हत्याकांडाचा. ती हत्या त्याच्या शरीरात शिरलेल्या दुसऱ्याच राक्षसानं केली होती. पुराव्यानं तो सुटू शकत होता. तो म्हणतो, मी मारलं. समोरचा वकील हादरतो आणि मिळालेली मृत्युदंडाची तलवार चालवू शकत नाही. गुन्हा कुणाचा आणि ओझं कुणाचं, हा प्रश्न सतरा-अठरा वर्षांच्या वाचकापुढं इतक्या धारदारपणे ठेवणाऱ्या गोष्टीला 'डोक्याला काम नाही' म्हणायचं?

आता परकेपणाचा मुद्दा. इथं विरोधकांची बाजू सर्वांत लंगडी आहे, कारण ज्या घरांतून हा आक्षेप येतो त्यांतल्या कित्येक देव्हाऱ्यांत त्याचं उत्तर लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. 'नवनाथ भक्तिसार'. धुंडीसुत मालू नरहरीनं शके १७४१ मध्ये, म्हणजे इसवी सन १८१९ साली पुरी केलेली, ४० अध्यायांची ओवीबद्ध पोथी. श्रावणात तिचं पारायण होतं. तिच्याकडं भक्तीनं पाहिलं जातं ते योग्यच. पण तिच्यातली कथा ज्यांनी मन लावून ऐकली आहे, त्यांना मांत्रिकांच्या डावपेचांची लढाई परकी वाटायचं कारणच नाही.

सेतुबंध रामेश्वराला मच्छिंद्रनाथ आणि मारुती समोरासमोर येतात तो प्रसंग आठवावा. मारुती डोंगरामागून डोंगर भिरकावतो. बळात त्याची बरोबरी कोण करणार? मच्छिंद्र बळाच्या वाटेला जातच नाही. तो पाणी घेऊन वायुआकर्षण मंत्र म्हणतो आणि शिंपडतो. मारुती वायूचा पुत्र, त्याची सगळी शक्ती वायूची. वायूच रोखला गेला, तसा उचललेला पर्वत डोक्यावर घेऊन मारुती जागच्या जागी खिळला. हातपाय हलेनात. अखेर खुद्द वायुदेवाला मध्ये पडावं लागलं. शत्रूची शक्ती येते कुठून ते शोधायचं आणि तिथं घाव घालायचा, हे सूत्र अकुतामी यांच्या दोनशे वर्षं आधी मराठीत ओवीला बसलं आहे.

पण पोथीतला खरा बेमिसाल डाव कानिफनाथाचा. राजा गोपीचंदानं गैरसमजातून जालिंदरनाथाला खड्ड्यात गाडलं आहे, वर घोड्यांची लीद टाकली आहे. वर्षं लोटली. जालिंदर आत समाधीत जिवंत आहे. शिष्य कानिफनाथ येतो. गुरूला बाहेर काढायचं आणि राजालाही वाचवायचं, असा दुहेरी पेच त्याच्यापुढं आहे. बाहेर काढू लागताच गुरू विचारणार, कोण आहे? नाव कळताच शाप देणार. आणि जालिंदराचा शब्द फुकट जाणार नाही, त्याला अडवणारं अस्त्र नाही.

कानिफ शापाला अडवायला जातच नाही. तो गोपीचंदाचे पाच पुतळे घडवून घेतो. सोन्याचा, रुप्याचा, तांब्याचा, पितळेचा आणि लोखंडाचा. एक पुतळा खड्ड्याच्या काठाशी उभा करतो. आतून प्रश्न येतो, कोण आहे? गोपीचंद राजा आला आहे, असं उत्तर जातं. आतून शब्द सुटतो: भस्म हो. सोन्याचा पुतळा जळून राख. पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा शाप, रुप्याचा गेला. असे पाचही जातात. गोपीचंद बाजूला जिवंत उभा आहे. आतल्या गुरूला मात्र दिसतं ते एवढंच की आपला शब्द पाच वेळा सुटला आणि हा माणूस अजून उत्तर देतो आहे. म्हणजे याचं रक्षण ईश्वरानंच केलं असणार. मग असाच अमर हो, असा वर त्याच तोंडून बाहेर पडतो.

थोडं थांबून या डावाची कारागिरी बघावी. शाप नावाला चिकटतो, शरीराला नाही, ही अट कानिफानं हेरली. नाव आणि शरीर वेगळं केलं. शब्द खोटा पाडला नाही, पाचही वेळा खरा होऊ दिला. आणि शेवटी त्याच अचूकपणाचा आधार घेऊन शापाचा वर करून घेतला. शिबुयाच्या फलाटावर 'एक मिनिट' या शब्दाचा अर्थ फिरवणारा केंजाकू आणि खड्ड्याच्या काठावर 'गोपीचंद' या शब्दाचा अर्थ फिरवणारा कानिफ, दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक कोंडायला निघाला आहे, दुसरा सोडवायला. पण कथा सांगणाऱ्याची अक्कल एकाच जातीची आहे.

पोथीची तुलना मांगाशी केली म्हणून कुणाच्या भावना दुखावण्याचं कारण नाही. इथं श्रद्धेची तुलना चाललेली नाही, कथेच्या बांधणीची चालली आहे. मालू कवीला श्रोता अध्यायाच्या शेवटापर्यंत बसवून ठेवायचा होता आणि ते त्याला उत्तम साधलं होतं. त्या कसबाचं कौतुक करणं हा पोथीचा मान आहे.

मराठीची तर रोजची भाषाच या डावपेचांनी भरलेली आहे. 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' असं आपण येता जाता म्हणतो. त्यामागची गोष्ट काय आहे? सूर्य झाकला, जयद्रथ बेसावध बाहेर आला, हा डावाचा पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा लोक विसरतात. जो जयद्रथाचं शिर जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील, असा त्याच्या बापाचा शब्द होता. म्हणून कृष्णानं अर्जुनाकडून ते शिर बाणांनी थेट तपाला बसलेल्या बापाच्या मांडीत नेऊन टाकवलं. बाप दचकून उठला, शिर जमिनीवर पडलं, आणि शब्द बापावरच उलटला. त्याच दिवसाच्या रात्री कर्णाची एकदाच वापरता येणारी शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली, म्हणजे अर्जुन वाचला. अट, फट, आमिष, मोबदला. द्रोणपर्वातल्या एका दिवस-रात्रीत मांगाच्या चार खंडांचा ऐवज आहे.

आणि खुद्द जपानी गोष्ट तरी किती परकी? युजीच्या शरीरात शिरलेला राक्षस सुकुना हा अकुतामी यांनी हवेतून काढलेला नाही. दोन तोंडांच्या, चार हातांच्या सुकुनाचा उल्लेख 'निहोन शोकी' या इसवी सन ७२० च्या जपानी बखरीत आहे. 'डोमेन' उघडताना मांत्रिक बोटांची जी मुद्रा करतात, तिचं मूळ बौद्ध मूर्तींत आहे. सुकुनाची मुद्रा एन्माची, म्हणजे यमाची. गोजोची ताइशाकुतेनची, म्हणजे इंद्राची. आपले यम आणि इंद्र शेकडो वर्षांपूर्वी जपानला गेले, तिथल्या देवळांत बसले आणि आता मोबाईलच्या पडद्यावरून आर्णी रोडवर परत आले आहेत. त्यांना परकं म्हणून हाकलायचं? जपानच्या लेखकानं आपली जुनी बखर उघडली आणि त्यातून आजच्या मुलांसाठी राक्षस बाहेर काढला. मराठीत हे काम कुणी करायचं होतं? प्रभात कंपनीनं १९३२ मध्ये 'माया मच्छिंद्र' काढला तेव्हा बोलपट नुकता जन्मला होता आणि नाथांची कथा सर्वांत नव्या माध्यमात पोहोचली होती. नव्वदाहून अधिक वर्षांपूर्वी जे धाडस होतं, त्याची आज मुलांवर तक्रार करणाऱ्यांनी आठवण ठेवावी. मुलं आपल्या गोष्टी विसरली नाहीत, त्यांना त्या कुणी सांगितल्याच नाहीत.

यवतमाळात तर ही तक्रार जास्त सलते. या शहरात दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९७३ साली अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे. अरुणाताईंचे वडील रा. चिं. ढेरे यांनी 'नाथसंप्रदायाचा इतिहास' लिहिला. पोथीतल्या चमत्कारांकडं पाठ न फिरवता आणि त्यांच्यापुढं बुद्धी गहाणही न टाकता, ती कथा कुठून आली, कशी पसरली, हे शोधत बसलेला अभ्यासक तो. अद्भुत कथेकडं गंभीरपणे पाहायची ही परंपरा ज्या घरात आहे, त्या घरातली लेखिका या शहराच्या मांडवात अध्यक्षपदावरून बोलली. आणि त्याच शहरात अद्भुताला 'कार्टून' म्हणून वाटेला लावलं जातं.

अंधश्रद्धेचा आरोप सर्वांत गंभीर आहे आणि या जिल्ह्यात तो हलक्यानं घेता येत नाही. २०१२ साली घाटंजी तालुक्यात एका लहान मुलीचा नरबळी गेला. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर राज्याला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. जखम खरी आहे. पण त्या मुलीचा जीव कुठल्या मांगानं घेतला नव्हता. घेतला तो देवादिकांच्या नावानं बोलणाऱ्या, प्रश्न विचारू न देणाऱ्या जुन्याच अघोरीपणानं. शतकानुशतकांच्या त्या रोगाचं खापर २०१८ मध्ये सुरू झालेल्या जपानी चित्रकथेवर फोडणं म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मोकळं सोडणं आहे.

शिवाय दोन्हीकडच्या 'विद्येत' मुळातच फरक आहे. गावात येणारा भोंदू सांगतो, माझ्या शक्तीला मर्यादा नाही. उतारा लागू पडला तर शक्ती त्याची, नाही पडला तर चूक तुमची. त्याला अट नसते, अंतर नसतं, मुदत नसते, म्हणून तो कधी पकडलाही जात नाही. मांगातल्या मांत्रिकाचं सगळं उलट. त्याची विद्या किती अंतरावर चालते, किती वेळ टिकते, तिची किंमत काय, ती कधी फसते, हे सगळं ठरलेलं असतं आणि समोरचा ते शोधून काढतो. कसं? पाहून, अंदाज बांधून, तो तपासून. पहिला अंदाज चुकला तर दुसरा. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळेच्या पटांगणात करतात ते याहून निराळं काय असतं? हळदीचं पिवळं पाणी, त्यात चुन्याची निवळी, आणि पोरांच्या डोळ्यांदेखत पाणी लाल. करणीचं रक्त म्हणून भीती घालणाऱ्याचं बिंग चमचाभर चुन्यात फुटतं. मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, चुना कमी टाकला तर?" हा प्रश्न विचारणारा मुलगा आणि "चार मीटरच का?" विचारणारा मुलगा एकच आहे. मांगा वाचून कुणी आपोआप विवेकी होतो असा दावा करायचं कारण नाही. पण अट कोणती आणि फट कुठं आहे हे शोधायची सवय लागलेल्या डोक्यावर बुवाचा अंमल लवकर बसतो, असं म्हणणाऱ्यानं त्याचं एक तरी कारण द्यावं.

एवढं मान्य केलं पाहिजे की ही गोष्ट लहान मुलांची नाही. रक्तपात भरपूर आहे, आवडती माणसं निर्दयपणे मरतात, आणि चौथी-पाचवीतल्या मुलाच्या हाती ती देऊ नये. शेवटची मोठी लढाई लांबली आणि तिथली काही स्पष्टीकरणं जड झाली, हे मालिकेवर जीव टाकणारे वाचकही सांगतात. २३६ व्या प्रकरणात गोजोचा मृत्यू ज्या रीतीनं, जणू दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत उरकला गेला, त्यावर जगभरचे वाचक संतापले. पण हा संताप बघण्यासारखा आहे. ते चिडले ते डाव दाखवला नाही म्हणून. नायक मेला याचं त्यांना दुःख होतं, पण कसा मेला याचा हिशोब त्यांना हवा होता. नुसत्या मारामारीवर भाळलेला प्रेक्षक हिशोब मागत नाही.

राहिला 'कार्टून' हा शब्द. चित्रं आहेत म्हणून पोरखेळ, हे समीकरण ज्यांनी स्वतः लहानपणी 'चांदोबा'तला विक्रम-वेताळ वाचला त्यांनी तरी मांडू नये. खांद्यावरचं प्रेत कोडं घालतं, राजानं उत्तर द्यावं तर मौन मोडतं आणि वेताळ झाडावर परत जातो, उत्तर माहीत असून गप्प राहावं तर डोकं फुटतं. हा पेच समजायला बुद्धी लागते आणि तो आठ-नऊ वर्षांच्या मुलांना समजत होता. पुढं नारायण धारपांनी आपल्या समर्थांना अमानवी शक्तींसमोर उभं केलं, तेव्हा मोठ्या माणसांनी त्या कथा वाचनालयात नंबर लावून वाचल्या. त्या वाचनालयांत आजही भयकथांचं कपाट आहे. मांगाचा एक खंड मात्र कुठल्या तालुक्याच्या गावी सहजी सापडायचा नाही. मुलं मग मोबाईलवर, हिंदी डबमध्ये, मिळेल तसं बघतात. आणि मोबाईलवर बघतात म्हणून पुन्हा बोलणी खातात.

तेव्हा स्पष्ट म्हणायला हवं. धूर्त मांत्रिकांच्या या लढाया हे बुद्धीचं साहित्य आहे. ते अटींवर चालतं, माणसाच्या स्वभावाचा कस लावतं, वाचकाला हिशोब करायला लावतं आणि फसवलं तर जाब विचारायला शिकवतं. महाभारतानं ते केलं, मालू कवीनं ते केलं, आज एक जपानी चित्रकार ते करतो. पहिल्या दोघांपुढं हात जोडायचे आणि तिसरा वाचणाऱ्या मुलाला हिणवायचं, हे पहिल्या दोघांना न वाचल्याचं लक्षण आहे. यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा इथल्या वाचनालयांनी पोथ्यांच्या कपाटाशेजारी या खंडांना जागा द्यावी. मराठी प्रकाशकांनी ते मराठीत आणायची तयारी करावी. आणि मराठी चित्रकारांनी कानिफनाथाचे पाच पुतळे एकदा तरी पानावर उतरवावेत, एका चौकटीत एक, पाचव्या पुतळ्याची राख उडेपर्यंत.

एसटीतल्या त्या काकांनी ही पुतळ्यांची गोष्ट बहुधा लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली असते. त्यांनी मान हलवण्याऐवजी शेजारच्या मुलाला एवढंच विचारून पाहावं, की बाबू, तो पेटीतला माणूस चार मीटरच्या आत थांबला तरी कसा? मुलगा हेडफोन काढेल. सांगायला लागेल. मग काकांनी त्याला खड्ड्यातल्या जालिंदराबद्दल सांगावं. आर्णी येईल, महागाव येईल, उमरखेडचा थांबा येईल, आणि पोरगं उतरता उतरता विचारेल, "पण काका, पाचवा पुतळा जळल्यावर त्यांना शंका कशी नाही आली?"